पाठीवरची जखम

"वास जरा कमी करा हो मावशी. परीक्षेच्या आधीच पोरी आडव्या होतील." मोठ्या सिस्टरांनी नाकाला रुमाल लावला होता.

मावशींनी चिमट्यानं जखमेच्या काठाखालचा कापसाचा बोळा ओढून काढला, हुंगला, अर्धा करून परत आत सारला. "याहून कमी केला तर खोटं वाटेल."

"अहो, खोटंच आहे ते!"

मावशी हसल्या नाहीत. नर्सिंग कॉलेजच्या सरावाच्या वॉर्डात चार नंबरच्या खाटेवर रबराचा एक म्हातारा निजलेला असे. मुली त्याला आजोबा म्हणत. पंपावर त्याची छाती वरखाली व्हायची, मनगटात नाडी लागायची, पापण्यासुद्धा मिटायच्या. एवढं यंत्रातलं होतं. बाकी सगळं मावशींच्या हातचं. कपाळावरचा घाम, निळसर पडलेली नखं, बँडेजातून झिरपणारं रक्त, पिशवीत साचलेली गढूळ लघवी. या कामाला लागण्याआधी बावीस वर्षं त्यांनी कवळ्यांच्या कारखान्यात मेणाच्या हिरड्या घडवल्या होत्या. मेणाला माणसाचा रंग आणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलींनी त्यांचं नाव 'जखमवाल्या मावशी' पाडलं होतं आणि ते मावशींना ठाऊक होतं.

या वर्षीच्या परीक्षेत पेशंट होता अर्धांगवायूचा. वाचा गेलेली, डावी बाजू लुळी. दहा मिनिटांत मुलीनं त्याला नीट तपासायचं. खरी मेख पाठीवर होती. डाव्या खांद्याच्या पात्यावर बेडसोर, उताणं पडून पडून झालेली जखम. मधोमध काळी, भोवती पिवळट, कडेला लालभडक. मावशी ती आठवडाभर करत होत्या.

"जरा खांद्याच्या वर घ्या की," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "गळ्याशी कड दिसली तर पोरींच्या लक्षात तरी येईल. नाहीतर निम्म्या नापास व्हायच्या."

"ती दिसत नसते सिस्टर. वळवल्याशिवाय दिसतच नसते."

एवढं बोलून मावशींनी मान खाली घातली. सिस्टरांना वाटलं, बाई कामाची पक्की आहे. त्यांनी विषय सोडला.

मावशी कामाच्या पक्क्या होत्या, हे खरंच. पण ही जखम त्यांनी कुठल्या पुस्तकात पाहिलेली नव्हती.

वडिलांना झटका आला तेव्हा मावशींनी कारखाना सोडला. दादा लांब, त्याचा संसार, त्याची नोकरी. आई कधीच गेलेली. लग्न राहून गेलेली मुलगी घरात होती, तिनंच बघायचं हे न बोलता ठरलं. सहा वर्षं त्यांनी दर दोन तासांनी बाबांना कूस बदलून दिली. अंगावर ओरखडा उठू दिला नाही. डॉक्टरही म्हणायचे, हॉस्पिटलात असं होत नाही.

मग एकदा कारखान्यातून निरोप आला. काम अंगावर पडलंय, आठच दिवस या. शेजारच्या काकू दुपारी बाबांना पेज पाजायला तयार झाल्या आणि मावशी गेल्या. सहा वर्षांनी चार माणसांत बसल्या, चहा प्यायल्या, कोणाच्या तरी फालतू विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. संध्याकाळी घरी येऊन बाबांना भरवताना त्या दिवसभराच्या गमती सांगत. बाबा ऐकत. मावशी अंगावरची चादर बदलत, उशी सारखी करत, आणि आज राहू दे, उद्या वळवू, असं म्हणून झोपत. आठही दिवस त्यांनी असंच म्हटलं.

नवव्या दिवशी वळवलं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"बाबा, दुखलं नाही? सांगायचं तरी!"

बाबांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "तू... खूश होतीस ना."

चार महिन्यांनी बाबा त्याच जखमेनं गेले. दादा आला होता. डॉक्टरांसमोर म्हणाला, "एवढं तरी लक्ष ठेवायचं गं." मावशींनी मान हलवली. बाबा काय म्हणाले होते, ते त्यांनी त्यालाही सांगितलं नाही. तशीही त्याची आता महिन्यातून एकदा फोनवर गाठ पडे. तो तब्येत विचारी आणि उत्तर यायच्या आत स्वतःच "बरंय मग" म्हणून टाकी. बाकी दोन खोल्यांच्या घरात मावशींना हाक मारणारं कोणी नव्हतं. म्हणून त्या वॉर्डात तासभर लवकरच येत.

परीक्षेच्या सकाळीही त्या अशाच लवकर आल्या, तर आजोबांची छाती हलेना. पंप घरघरला आणि बंद पडला. दुरुस्तीवाला यायचा म्हणजे दोन दिवस. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई ऑफिसात चहा घेत होत्या, अकरा मुली व्हरांड्यात वह्या चाळत उभ्या. मोठ्या सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी झोपते," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही?"

"बोलायचं तर नाहीच आहे त्या पेशंटला. डावा हात हलवायचा नाही. एवढं जमेल मला."

सिस्टरांनी दार लावून घेतलं आणि दोघींनी आजोबांना खाटेवरून उतरवलं. मावशींनी पेशंटचा झगा घातला, केसांवर टोपी चढवली. सिस्टरांनी आजोबांची रबरी जखम सोडवून मावशींच्या पाठीवर चिकटवली आणि कडा बोटानं दाबून बसवल्या. "टोचतंय का हो?" त्यांनी विचारलं. मावशी नाही म्हणाल्या. पाठीला परक्याचा हात लागून किती वर्षं झाली, याचा हिशेब त्यांना लागला नाही.

पहिली मुलगी आत आली आणि थबकली. "अय्या, आजोबांच्या आजी झाल्या!" मग परीक्षक बाईंना बघून जीभ चावली. तिनं नाडी मोजली, ताप पाहिला, फाइल वाचली. दुसरी आली. तिसरी आली. हात गार होते कोणाचे, कोणाचे घामेजलेले. सगळ्या घड्याळाकडे बघत होत्या. एकीनं तर मावशींच्या पोटावरच फाइल ठेवून लिहिलं. दोघींनी चादर वर केली, पायांवर सूज आहे का ते पाहून पुन्हा झाकली.

तासाभरात रबराचा तो उंचवटा मावशींच्या खांद्याला रुतायला लागला. दुसऱ्या तासाला त्यातून कळ निघून थेट कोपरापर्यंत गेली. जरासं सरकलं तर बरं वाटलं असतं. मावशी सरकल्या नाहीत. आठ दिवस, त्या मनाशी म्हणाल्या. मला दोन तास जड जातायत.

सगळ्यांत शेवटी उंच मुलगी आली. सरावाच्या वेळी वासानं हिलाच ओकारी झाली होती आणि मैत्रिणींनी तिला महिनाभर चिडवलं होतं. एकदा नापास झालेली, ही दुसरी खेप. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं नाडी धरली, आणि एकाएकी मान वळवून हुंगलं. एकदा. दोनदा.

"आजी, मी तुम्हाला कुशीवर वळवते हं. घाई नाही करत."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मावशी वळल्या. पाठीला हवा लागली. मुलीनं पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली, आणि समोर येऊन वाकली.

"तुम्हाला बोलता येत नाही, माहितीये मला. पण दुखलं ना, की माझा हात दाबा. मी कामात असले, हसत असले, तरी दाबा. माझा विचार करायचा नाही."

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकाच्या शेंड्यावरून उशीवर गळायला लागलं. मुलीनं ते स्वतःच्या रुमालानं टिपलं. मावशींनी तिचा हात दाबला. दहा मिनिटं संपल्याची घंटा वाजली तरी त्यांना तो लगेच सोडवला नाही.

मुलगी गेल्यावर परीक्षक बाई कागदांवरून वर बघत म्हणाल्या, "रडण्याचं ठरलं होतं का?"

मोठ्या सिस्टर गोंधळल्या. "नाही... म्हणजे..."

"ग्लिसरीन होतं," मावशी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "डोळ्यात घातलं की येतं पाणी."

"कमाल आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "अगदी खरं वाटलं. अकराजणींत एकीनं वळवलं बघा. ही पास."

दोघी बोलत बोलत दाराकडे गेल्या. "उठा हो मावशी, चहा घ्या," सिस्टर उंबऱ्यातून म्हणाल्या.

"व्हा पुढे. आलेच."

पण मावशी उठल्या नाहीत. मुलीनं लावलेली उशी पाठीशी तशीच होती. खांद्याची कळ ओसरत चालली होती.

थोड्या वेळानं सफाईवाल्या बाई बादली घेऊन आल्या. खाटेखालून ओलं फडकं फिरवताना नेहमीसारख्या पुटपुटल्या, "काय आजोबा, झाली का परीक्षा?" मग झगा सुटून पाठ उघडी पडलेली दिसली, तेव्हा जखमेकडे न बघता त्यांनी चादर वर ओढली आणि खांद्याशी नीट खोचली.

बाई दचकतील म्हणून मावशींनी श्वास रोखून धरला. फडक्याचा आवाज पाच नंबरकडे गेला, सहाकडे गेला. दार लागलं. मग मावशींनी हळूच श्वास सोडला आणि तशाच, त्याच कुशीवर, पडून राहिल्या.