पिसवांच्या घरात मेंढरं

आमच्या घरात पिसवा झाल्या, हे म्या कुणाला कळू दिलं न्हाय. एकीला सांगितलं असतं तर सांजच्याला अख्ख्या माकणी गावात झालं असतं.

सून मोनिका बाळंतपणाला लोहाऱ्याला माहेरी गेलेली. नात दोन महिन्यांची झाली, अन् म्या तिला एकदाच बघितलेलं, ते बी दवाखान्यात, काचेआडून. रविवारी दोघी यायच्या होत्या. विहीणबाईंच्या कानावर पिसवा गेल्या असत्या तर त्यांनी लेकीला धाडलंच नसतं.

म्हणून म्या अक्कल चालवली. घराला कुलूप लावलं अन् आमी दोघं नवरा-बायको पंधरा दिवस रानातल्या शेडात राहिलो. पिसवा उपाशी मरतील, असं वाटलं. शुक्रवारी दार उघडून दोन पावलं आत टाकली, तर पोटऱ्यांवर तीळ उधळावं तशा पिसवा! मी वरडतच बाहेर.

आमचे हे, व्यंकट, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, गालातल्या गालात हसत होते. "रिकाम्या घरात त्या कोशात गप पडतात. पावलं वाजली की उठतात."

"मग पंधरा दिवस तोंड शिवलं होतं व्हय तुमचं?"

"तू इचारलं कुठं?"

अन् बघता बघता त्यांनी वीस मेंढरं माझ्या घरात घातली.

"येड लागलंय का तुमाला? आत देव हायत!"

"देव बी खाजवत असतील की," म्हणाले.

पिसवा लोकरीत शिरल्या की गुततात, परत निघत न्हाईत. तासभर मेंढरं आत फिरवली अन् मग औषधाच्या पाण्यानं धुतली. शनिवारी दोनदा तेच. लेंड्या काढायला मात्र मी! तोंडानं शिव्या अन् हातानं फरशीच्या फटीत चुना, असं चाललं होतं माझं.

रविवारी सकाळी, काळी पिसू उठून दिसावी म्हणून, पांढरं लुगडं नेसून घरभर हिंडले. एकच पिसू घावली. आंघोळ करून दुसरं लुगडं नेसले, तवर दारात रिक्षा थांबली.

भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण 'आत ये' म्हणायला जीभच रेटंना. नात टकामका माझ्याकडं बघत होती.

"मोनिका, घरात पिसवा झाल्यात. लई कमी झाल्या, पर आज सकाळी बी एक घावली. मी लपवणार होते. हिच्या तोंडाकडं बघून न्हाय जमलं. म्हागारी जायचं तर जा, मी राग धरणार न्हाय." बोलता बोलता मला रडूच फुटलं.

मोनिकानं एकदा घराकडं बघितलं. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, थांबा अर्धा तास. परत जायचंय."

मी पदरानं डोळं पुसून वाटंतनं बाजूला झाले.

"आत्या, तुमी खरं बोललात, म्हणून पुढच्या रविवारी मी येणारच, आईला काय बी म्हणू द्या," ती म्हणाली, अन् नातीला माझ्या हातात दिलं. "तवर घ्या की हिला."

लिंबाखाली अर्धा तास नात माझ्या मांडीवर होती. तेवढ्या वेळात तिच्या अंगावर म्या साधी माशी बी बसू दिली न्हाय.