रेडिओचं तोंड भिंतीकडे

जावयाने रेडिओ उचलला, त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मागच्या भोकांवर टॉर्च मारला.

"कोपऱ्यात उभं केलंत का त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"सॉकेट मागे आहे, आई."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला कधी सापडतंय ते बघतेय."

तोंडावर त्या त्याला जावईबापू म्हणत, पाठीमागे 'कॉम्प्युटर'. पोटासाठी तो कॉम्प्युटरचंच काम करायचा. गावातले हौशी रेडिओवाले रोज संध्याकाळी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमत, आणि त्यांची हजेरी सासूबाई घेत. कोण आलं, आवाज कसा पोचला, सगळं वहीत. आता अचानक त्यांना वही नको झाली होती. रेडिओला वायर लावायची, वेळ आणि फ्रिक्वेन्सी कॉम्प्युटरने आपली आपण भरायची, सासूबाईंनी फक्त बोलणाऱ्याचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, टाकायचं. का, ते सांगितलं नव्हतं. एवढंच बजावलं होतं, की आज संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर हजेरी दातांच्या डॉक्टरांकडे. ते टपूनच बसले होते.

वायर लावायची म्हणजे नुसती वायर लावायची, असं ज्याला वाटतं त्याने ती कधी लावलेली नसते. कॉम्प्युटर एका वेगाने बोलतो, रेडिओ दुसऱ्या. आणि माहितीपुस्तिका लिहिणारा असा लिहितो, जणू वाचणाऱ्याने त्याचं घोडं मारलंय. पडद्यावर पहिल्यांदा जो आकडा उमटला, त्या फ्रिक्वेन्सीवर वटवाघळंच बोलत असावीत.

त्याने वेग बदलला. आकडा बरोबर आला. सासूबाईंनी रेडिओच्या मागून हात घालून बटण फिरवलं, तसा पडद्यावरचा आकडाही फिरला. त्यांची एक भुवई जराशी वर गेली. तेवढ्यावर जावई हुरळला, आणि खाली एक रिकामा चौकोन दिसला त्यातही टिक करून मोकळा झाला. चौकोन दिसला की टिक करायची, ही त्याच्या धंद्यातली खोड.

रेडिओ एकदम गप्प झाला. पडद्यावरचा बाण मात्र अंगात आल्यासारखा उड्या मारू लागला.

"आवाज का गेला?"

"असू दे, वायरींचं काम चाललंय ना. हा बाण नाचतोय त्याचं बघायला हवं. रेडिओच्या लहरी वायरीत शिरतायत, त्या अडवायला फेराइटची कडी बसवावी लागेल. घेऊन येतो."

"या. थोडी अक्कल मिळाली तर तीही बघा."

"ती इथे मिळेल म्हणून तर आलो होतो."

स्वयंपाकघरात त्याची बायको हसली.

सुट्या भागांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदारही रेडिओवाला, त्याच्या काउंटरवर सेट कायम चालू. जावयाने कडी मागितली, तर दुकानदाराने ओठांवर बोट ठेवलं. सेटमधून भांड्यांचा आवाज आला, आणि मागोमाग ओळखीचा गळा.

"...तो दातांचा डॉक्टर! हजेरी घेईल आणि निम्मी नावं गिळेल. हावरट मेला!"

जावयाला आठवलं. तो चौकोन. ती टिक. कॉम्प्युटरने रेडिओचं बोलायचं बटण दाबून धरलं होतं, लाल दिवा भिंतीकडे तोंड करून जळत होता, आणि घरातलं बोलणं गावभर चाललं होतं.

"केव्हापासून?"

"तुम्ही अक्कल आणायला निघालात तेव्हापासून."

"अहो, सांगा ना त्यांना!"

"कसं? बटण दाबलेलं आहे तोवर त्यांना आपलं काही ऐकू जात नाही."

जावयाने खिशातून फोन काढला. तेवढ्यात सेटमधून बायको म्हणाली, "पण आई, वही का नको झाली तुला?"

मग नुसता पाण्याचा आवाज.

"हात थरथरतो गं. लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. परवा फोटोवाला भराभर बोलून गेला, मी नुसतं हो हो म्हटलं. बटणं दाबता येतात मला. हळू, पण येतात."

"मग सांग की त्यांना, सावकाश बोला म्हणून."

"मरेन, पण सांगणार नाही. आणि तुझ्या कॉम्प्युटरलाही कळता कामा नये. आत्ता कसा चांगला फाडकन उलट बोलतो! एकदा कीव करायला लागला की संपलं. आई पाणी देऊ का, आई उशी देऊ का. शी!"

दुकानदाराने त्याच्या फोनवर हात ठेवला. "फोन नका करू. कळेल त्यांना. पळा."

"पण सगळ्यांनी ऐकलं असेल."

"कोणी काय ऐकलंय?" दुकानदार म्हणाला आणि स्वतःचा फोन शोधू लागला.

जावई पळाला. संध्याकाळी कोणीतरी भला माणूस मायेने विचारणार, बाई, हात कसा आहे, याची त्याला खात्री होती. भल्या माणसांनी जेवढ्यांना जिवंतपणी खाटेवर निजवलंय, तेवढ्यांना आजारांनीही निजवलं नसेल.

घरी येऊन त्याने आधी टिक काढली. बाण शहाण्यासारखा जागेवर बसला. रेडिओचं तोंड त्याने सरळ केलं.

"कडी कुठाय?"

"नाही लागली. एक टिक नको तिथे पडली होती."

"कोणी पाडली?"

"मी."

"वा!" सासूबाई खूश झाल्या. "आणि पडद्यावर अक्षरं एवढी मोठी का केलीत? मी आंधळी आहे?"

"तुम्ही चुकलात की मला लांबून दिसायला हवं."

त्या आणखी खूश झाल्या.

हजेरी सुरू झाली. फोटोवाला एरवी पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा बोलायचा. आज त्याने आपला कॉलसाइन एकेक अक्षर सुटं करून सांगितला, थांबला, पुन्हा सांगितला. बेकरीवाल्या बाईंनीही तसंच केलं. सासूबाईंचं बोट बटणावर थरथरायचं, मग टेकायचं. मध्ये कोणी घुसत नव्हतं. कोणी काही विचारतही नव्हतं. जावयाने श्वास सोडला.

मग दातांचे डॉक्टर आले. पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसे बोलले.

"डॉक्टर, झोप लागली का?" सासूबाई कडाडल्या. "का माझा आवाज नीट पोचत नाहीये?"

"छे छे, बाई! तुमचा तर दुपारपासून अगदी लख्ख..."

आणि ते थांबले.

सासूबाईंनी माइक खाली ठेवला. रेडिओकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"ती टिक," त्या म्हणाल्या.

"हो."

"सगळं गेलं?"

"सगळं."

"डॉक्टरांबद्दल बोलले तेही?"

"ते आधी गेलं."

पडद्यावर डॉक्टरांचा कॉलसाइन अर्धा उमटला होता. सासूबाईंचे खांदे हलू लागले. जावई घाबरून पुढे झाला, तर त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"जावईबापू, पाणी विचारलंत तर याद राखा."

"विचारत नाही. मलाच प्यायचंय."

त्यांनी उरलेली अक्षरं दाबली, एकेक करून, हात न लपवता. मग माइक उचलला.

"डॉक्टर, तुमची नोंद झाली. पुढे कोण?" माइकचं बटण त्यांनी सोडलं नाही. "आणि जरा सावकाश सांगा."