अंगठ्याखालची फासळी

पांपानो मासा ओळखायचा तो अंगठ्याने. डोळ्यांचा उपयोग नाही, कारण सगळेच चपटे, चंदेरी आणि पोटाकडे पिवळसर. त्यातल्या त्यात पट्ट्यांचा पांपानो प्रामाणिक. अंगावर काळ्या रेघा आणि लांब काळे पर घेऊन येतो, कुणाला फसवत नाही. फसवते ती पालोमेता, हलक्या भावाची मासळी. लहान असताना ती हुबेहूब पांपानोसारखी दिसते. पण कल्ल्यामागे अंगठा दाबून पोटाकडे ओढलात, तर पालोमेतेची एक फासळी खुंटीसारखी जाड लागते. खऱ्या पांपानोची लागत नाही.

कांपेचेच्या बाजारात तीस वर्षं हे काम माझ्या अंगठ्याचं होतं. नव्याने संसाराला लागलेल्या पोरी मासा माझ्यापुढे धरून अदबीने विचारायच्या. "दोन्या ओब्दुलिया, हा खरा ना?" मी दाबून सांगायची आणि कोळणीसुद्धा पुढे बोलायच्या नाहीत.

माझा स्वभाव संशयी आहे. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना तो आनंद मिळायला नको. बर्फवाला बर्फाऐवजी पाणीच जास्त देतो असं मला वाटतं, आणि देतोच तो. फक्त एका माणसावर मी कधी संशय घेतला नव्हता, तो म्हणजे मासेवाला वेनान्सियो चाब्ले. माझ्या लेकीला, झोइलाला, बाप्तिस्म्याला त्याने धरलं, तेव्हापासून मी त्याला कोंपाद्रे म्हणते आणि तो मला कोमाद्रे.

इस्टर उलटलं आणि त्याचं वागणं बदललं. पूर्वी ढिगात हात घालून मीच निवडायची. आता माझी टोपली आधीच भरलेली आणि वर ओलं गोणपाट.

"तुमच्यासाठी काढून ठेवलेत, कोमाद्रे. कशाला वाकता?"

माझ्या कंबरेची काळजी या माणसाला तीस वर्षांत कधी वाटली नव्हती. मनात पाल चुकचुकली. एक दिवस मी मुद्दाम ढिगातून सहा मासे स्वतः दाबून निवडले, टोपलीत टाकले आणि मिरचीवालीशी बोलायचं सोंग केलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर वेनान्सियोने माझ्या टोपलीतले दोन मासे गुपचूप काढले आणि गोणपाटाखालचे दोन आत सरकवले.

माझ्या खाणावळीत परतले ती धुमसतच. तव्यावर तोर्तिया उलटत झोइलाला सगळं सांगितलं.

"बदललेले मासे खराब होते का?" झोइलाने विचारलं. पोरीला सगळ्यांची वकिली करायची सवय आहे.

"खराब कसले? एक नंबर होते. तीच तर लबाडी! आधी चांगले द्यायचे, मला गाफील करायचं आणि उत्सवाच्या दिवशी पालोमेता गळ्यात मारायच्या."

"आई, बोट! अगं बोट भाजतंय!"

बोट तव्याला टेकलं होतं. वास मला तेव्हा आला. तीस वर्षं तव्यापुढे काढल्यावर कातडी जाड होणारच, मी म्हटलं. त्याच आठवड्यात हातातून कॉफीचे दोन पेले निसटले. हल्ली मेले पेलेच गुळगुळीत करतात.

उत्सव म्हणजे आमच्या सान रोमान वस्तीतल्या काळ्या ख्रिस्तमूर्तीचा. वस्तीतल्या कोळ्यांची मंडळी त्या दुपारी माझ्याकडे जेवते, बावीस वर्षं झाली. चाळीस ताटं आणि ताटागणिक एक अख्खा पांपानो, हिरव्या वाटणातला. जेवणारे सगळे समुद्रावरचे. ताटात एक जाड फासळी निघाली की पुढच्या उत्सवापर्यंत हसतील आणि पुन्हा पायरी चढणार नाहीत. आधी हे जेवण दोन्या क्लेताकडे असायचं. तिच्याकडे चार पालोमेता निघाल्या. ती आता चर्चच्या दारात केळ्याची भजी तळते.

आदल्या दिवशी वेनान्सियोने विचारलं, "उद्याचे चाळीस ना, कोमाद्रे? काढून ठेवतो."

"ठेवा की. आणि मधेच बदलायचे किती, तेही ठरवून ठेवा!"

मग मी तोंड सोडलं. गोणपाट, टोपली, दोन मासे, सगळं सगळ्यांसमोर काढलं. चोर म्हणाले त्याला. मिरचीवाली तराजू हातात धरून तशीच उभी राहिली. वेनान्सियो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बरं, कोमाद्रे."

भांडला नाही, म्हणजे मनात पाप असणार. मी खूश झाले.

उत्सवाच्या सकाळी उजाडताच दुसऱ्या मासेवाल्याच्या, विल्बर्थच्या ओट्यावर गेले. पोरगा सरळ आहे. म्हणाला, "दोन्या, माल मिसळलेला आहे हं. तुम्हीच बघून घ्या."

बघून घेतले. चाळीसच्या चाळीस, एकेक दाबून, अख्ख्या बाजारादेखत, वेनान्सियोच्या नाकासमोर.

झोइला मासे साफ करायला बसली. तिसऱ्याच माशाच्या पोटात तिचा हात थांबला.

"आई, ही पालोमेता आहे."

"काहीतरीच काय!"

"ही पण. आणि ही."

"विल्बर्थसुद्धा चोर!" मी ओरडले. "या बाजारात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!"

"निवडले कुणी, आई?"

तिने माझा हात धरला, अंगठा माशाच्या कुशीवर ठेवला आणि ओढला. "लागली?"

काही लागलं नाही. मी आणखी जोरात दाबलं. गोधडीवरून दाबावं तसं सगळं मऊच. "नाही लागत. पांपानोच आहे हा," मी म्हणाले.

झोइलाने तो मासा उभा चिरला. फासळी तिथेच होती, माझ्या करंगळीएवढी जाड. खाली ओट्यावर रक्त होतं. माशाच्या पाठीचा काटा माझ्या अंगठ्यात शिरला होता आणि ते मला दिसल्यावर कळलं.

मी स्टुलावर बसले. ते दोन मासे आठवले. वेनान्सियोने काढले, ते दोन्ही मी निवडलेले होते.

चाळिसात नऊ पालोमेता निघाल्या. बाजाराच्या रस्त्याला लागले, तेव्हा मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणावर नव्हता.

वेनान्सियोच्या ओट्याखाली टोपली होती, वर ओलं गोणपाट.

"किती?" त्याने हळू विचारलं.

"नऊ."

"मला वाटलं होतं, जास्त असतील."

"कधीपासून माहीत होतं?"

"लेंटमध्ये, इस्टरआधीच्या उपासांत, तुम्ही तीनदा पालोमेता उचललीत. पहिल्यांदा वाटलं, माझी थट्टा करताय."

"मग सांगायचं होतंत, कोंपाद्रे!"

"तुम्हाला?" तो म्हणाला. "कुणाची टाप होती?"

एव्हाना आजूबाजूच्या ओट्यांवरचे सुरे थांबले होते. कालच्या तमाशाचा पुढचा अंक सगळ्यांना हवा होता. वेनान्सियो ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "काल कोमाद्रे खरं बोलल्या. मासे मी बदलले होते. चुकलो. पुन्हा नाही होणार."

मिरचीवालीने मान डोलावली, तिला कालच माहीत होतं जणू. मी नऊ मासे उचलून निघाले असते, तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. माझा अंगठा माझा, आणि चोर तो. खोटं कशाला बोलू, दोन पावलं मी टाकलीसुद्धा.

तेवढ्यात एका कोवळ्या पोरीने वाट अडवली. लग्नाची अंगठी नवीकोरी. हातात विल्बर्थच्या ओट्यावरचा मासा.

"दोन्या ओब्दुलिया, हा खरा आहे ना? पहिल्यांदाच सासूबाई जेवायला येणार आहेत."

मी मासा घेतला. कल्ल्यामागे अंगठा ठेवला, दाबला, पोटाकडे ओढला. सगळे बघत होते. वेनान्सियो मान हलवून मला नको नको म्हणत होता.

"मला कळत नाही, पोरी," मी मोठ्याने म्हणाले. "लेंटपासून कळत नाहीये. वेनान्सियोने बदलले ते माझे चुकलेले मासे होते. जा, त्याला विचार."