जहराचं तळं मी प्यायलो

मी एक जुना टँकर आहे, मित्रांनो. पिवळा, पाच हजार गॅलनचा. हल्ली कुवेतमधल्या जहरा नावाच्या गावी, भंगारात चाकांशिवाय बसलोय, पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू! त्र्याण्णव साली मी जहाजातून उतरलो तेव्हा लढाई संपून दोन वर्षं झाली होती आणि कुवेतला जिकडेतिकडे रस्ते हवे होते. रस्ता करायचा तर आधी मातीचा भराव दाबून बसवावा लागतो आणि त्यावर पाणी मारावं लागतं. ते आणायचं काम माझं.

पाणी कुठलं? जहराच्या पलीकडे वाळवंटात एक खारं तळं होतं. उथळच, पण एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसत नसे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरायचे, हजारांनी, आणि सगळं पाणी गुलाबी होऊन जायचं. मी पाइप टाकायचो, वीस मिनिटांत पोट भरायचो आणि डुलत डुलत निघायचो. दिवसाला सहा खेपा! आमचे मुकादम हुसेनभाई, रत्नागिरीचे, माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, "हा गडी कधी दमायचा नाय." मी फुगून जायचो. माझ्यासारखे आणखी अकरा टँकर होते, पण कौतुक माझंच.

माझा ड्रायव्हर शत्रुघ्न. दापोलीकडचा, इथे खैतानच्या कामगार वस्तीत आठ जणांच्या खोलीत राहणारा आणि भलता बडबड्या. दर नारळी पौर्णिमेला तो या तळ्यात नारळ सोडायचा. खरा दर्या काही लांब नव्हता, पण सुट्टी शुक्रवारची, आणि पौर्णिमा काय शुक्रवार बघून येते? मग तो मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद नारळाला गुंडाळायचा, हात जोडायचा आणि काठावरून नारळ लांब फेकायचा. "खारं पाणी ना? मग दर्याचंच भावंड ते," असं मला समजावायचा.

दर उन्हाळ्यात पाणी जरा मागे सरलेलं असायचं. शत्रुघ्न मला तेवढं पुढे न्यायचा, पाइपाला एक तुकडा जोडायचा आणि म्हणायचा, "ओहोटी लागलीय रे. येईल परत." समुद्राकाठी वाढलेला माणूस! गेलेलं खारं पाणी परत येत नाही, असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मला कुठे डोकं होतं? मला नुसतं पोट.

नव्याण्णव साली तर स्वारी फारच खुशीत होती. हुसेनभाईंनी खटपट करून त्याच्या बायकोचा आणि लेकीचा महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा काढून दिला होता. डिसेंबरात द्वारकावहिनी आणि नऊ वर्षांची दर्शना येणार होत्या. लेकीला तो दर पत्रात त्या गुलाबी पक्ष्यांबद्दल लिहायचा. तिला ते तळं दाखवायचं, एवढाच एक ध्यास त्याने घेतला होता.

ऑगस्टातली पौर्णिमा आली. उजवीकडच्या शेवटच्या डबक्यातून मी पहिली खेप भरली होती. पाणी कसलं, राबडाच तो! समोर मात्र उन्हात सगळं असं चकाकत होतं, की आम्हा दोघांना ते पाणीच वाटलं. शत्रुघ्नने हात जोडले आणि नारळ फेकला.

टण्ण! नारळ मिठावर आपटला आणि गडगडत गेला.

शत्रुघ्न बघतच राहिला. मग नारळ आणायला धावला, तर मिठाच्या एका ढेकळाला ठेच लागली. ढेकूळ फुटलं आणि आतून सोनेरी कागद दिसला. तो गेल्या वर्षीचा नारळ होता! त्याने मागे वळून पाहिलं. माझ्या मागच्या चाकांपलीकडे आणखी एक ढेकूळ. त्याच्या मागे आणखी एक. तो वेड्यासारखा धावत एकेक खरवडत सुटला. सहा नारळ निघाले. पहिल्या वर्षीचा तर पार मागे, विजेच्या खांबापाशी, अर्ध्या मैलावर.

तो परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ही ओहोटी नव्हती रे," तो मला म्हणाला, "आपणच नेलं हे सगळं!" मला घाम फुटत नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी माझा पत्रा न् पत्रा शहारला.

मग त्याने काय करावं? माझा व्हॉल्व्ह उघडला आणि भरलेली टाकी तिथेच सोडून दिली.

तेवढ्यात हुसेनभाई पिकअपमधून आले. "अरे शत्रुघ्न, डोकं फिरलं काय तुझं?"

"परत देतोय, हुसेनभाई."

पाणी मिठावर पसरलं, चरचरलं, आणि दहा मिनिटांत दिसेनासं झालं. पाच हजार गॅलन! हुसेनभाईंनी खाली वाकून हात लावला. तळवा जेमतेम ओला झाला. "या अल्ला," ते पुटपुटले, "एवढं पाणी गेलं कुठं?" त्यांनी ऑफिसात जाऊन भांडण केलं. उत्तर मिळालं, तिथलं संपलं असेल तर दुसरीकडून आणा.

डिसेंबरात एका शुक्रवारी शत्रुघ्न दोघींना माझ्या केबिनमध्ये बसवून तिथे घेऊन आला. न आणून सांगतो कुणाला? लेक हट्टच धरून बसली होती. रोहित पक्ष्यांचा एक थवा आला, पांढऱ्या मिठावर तीन घिरट्या घातल्या आणि न उतरताच निघून गेला.

"बाबा, तळं कुठंय?"

 शत्रुघ्नने मागे हात केला. "आत्ता आपण ज्या रस्त्याने आलो ना, बाय, त्यात घातलं."

दर्शनाने त्या काळ्या गुळगुळीत रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग आता त्यातून बाहेर काढा ना."

द्वारकावहिनींनी तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. कुठलंही पाणी मागे सरताना दिसलं, तर त्याच्यामागे पाइप घेऊन पुढे सरकू नका. तिथेच थांबा. आम्ही सहा वर्षं पुढे सरकत राहिलो.