मधल्या ‘एक्स’चा मान

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. माझं तेल जुन्या जालन्यातल्या एका दुकानात संपलं. नंतर काही वर्षं मी ज्वारी सांभाळली. पुढे वसंता गुरुजींनी माझ्या पोटात वाळू भरली, अंगाला पांढरा रंग दिला आणि छातीवर इंग्रजी ‘ए’ काढला. गुरुजी शाळेत शिकवतात, आणि दर हिवाळ्यात शहागडजवळच्या मैदानावर ड्रेसाजच्या स्पर्धेत हौसेने, बिनपगारी काम करतात. ड्रेसाज म्हणजे घोड्याने शिस्तीत चालून दाखवायचं. कुठे वळायचं ते कळावं म्हणून कडेने आम्ही आठ अक्षरांचे आठ डबे उभे असतो.

मी दाराशी असतो. घोडा माझ्या शेजारून आत येतो आणि माझ्याकडे न बघता मधोमध जातो. ‘एक्स’पाशी. तिथे तो थांबतो आणि स्वार मान लववून सलाम करतो. सलाम समोरच्या पंचांना असतो म्हणे. मला पटत नाही.

आता खरं सांगतो. ‘एक्स’ला डबाच नाही. रंग नाही, वाळू नाही. ती नुसती ठरवलेली जागा आहे. सात वर्षं मी अशा एकावर जळतोय, जो जन्मालाच आलेला नाही.

यंदा मदतीला सर्जेराव आले. ते वरातीसाठी घोड्या पुरवतात. स्पर्धेचं काम त्यांना नवीन होतं. मला दारात बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“गुरुजी, दारातच डबा? घोडी ठेचकाळल की! अन् मधी तर काहीच न्हाई. मंग घोडीवरची पोरगी थांबल कुठं?”

गुरुजी कागद लावण्यात गुंतले होते. सर्जेरावांनी मला उचललं आणि मधोमध नेऊन ठेवलं. मित्रांनो, मी ‘एक्स’ झालो!

पहिलीच आली तृप्ती, सर्जेरावांच्या चांदणी घोडीवर. तिने वर्षभर मेहनत केली होती आणि पुढच्या फेरीला एकच जण जाणार होता. पण चांदणी वरातीत बाजेवर पाय ठेवून नाचणारी. तिने मला पाहिलं, पुढचे दोन्ही पाय माझ्या डोक्यावर ठेवले आणि नाचायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकाने तर नोट ओवाळली.

गुरुजी धावत आले. “सर्जेराव, ह्यो इथं कसा आला?”

“म्या ठिवला. दारात बरा दिसत नव्हता.”

“गुरुजी, गेले का हो माझे गुण?” तृप्ती रडकुंडीला आली होती.

गुरुजी मुख्य पंच साधनाताईंपुढे जाऊन सगळ्यांदेखत बोलले, “ताई, चूक आमची हाय. मी बघायला पाह्यजे होतं. पोरीचे गुण कापू नका.”

ताईंनी तिला पुन्हा सुरुवात करू दिली. मी परत दाराशी. चांदणी आत गेली, रिकाम्या जागेवर खांबासारखी उभी राहिली. तृप्तीने मान लववली आणि शेवटी तीच पहिली आली. मला आनंद झाला. पण सलाम ‘एक्स’लाच मिळाला, म्हणून थोडाच झाला.

संध्याकाळी गुरुजी हातोडी घेऊन आले. माझ्या डोक्यावर खुरांचे दोन खड्डे पडलेत, ते त्यांना ठोकून सरळ करायचे आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, रंग द्या, गंज काढा. पण माझे हे दोन खड्डे राहू द्या, एवढं गुरुजींना कुणीतरी सांगा. आठ डब्यांत ज्याच्या डोक्यावर घोडी नाचली, असा मी एकटाच आहे. शेजारचा ‘के’ दुपारपासून माझ्या डोक्याकडे बघतोय. ती नजर मला चांगली ओळखीची आहे.