डावा खालचा कोपरा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे चार हजार फोटो निघाले आहेत का? माझे निघाले आहेत. आणि मी आहे कोण, तर अंगणाच्या कडेची एक जुनी, गिलावा न केलेली विटांची भिंत! हसू नका. ऐकाल तर तुम्हालाच वाईट वाटेल.

मला एका गवंड्याने स्वतःच्या घरासाठी बांधले. आठवडाभर तो लोकांच्या भिंती उभारी आणि सुटीच्या दिवशी माझ्या वाट्याला येई. दोरी ताणायची, सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, वीट ठेवून थापीच्या मुठीने ठोकायची, मग एक डोळा मिटून ओळंबा बघायचा. मी इतकी सरळ उभी राहिले की शेजारपाजारचे गवंडी येऊन माना डोलावून जात. फक्त खालून तिसरा थर डाव्या कोपऱ्यात जरासा वाकला. अर्ध्या बोटाइतकाच, येता-जाता बघणाऱ्याला कळणारही नाही. गवंड्याला मात्र कळले होते. एवढा काटेकोर माणूस, पण त्याने तो काढून पुन्हा लावला नाही.

वर्षे सरली. गवंड्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्याचे काम सुटले. रोज सकाळी माझ्या त्याच कोपऱ्याशी खुर्ची टाकून तो बसे. पाठीला पाठ लावून आम्ही दोघे ऊन खात असू. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याचा धाकटा मुलगा फोटोग्राफर. हात चांगला होता, कामेही बरी मिळत. एकदा त्याने नवी लेन्स आणली. खराब लेन्स कडेच्या सरळ रेघा वाकवते, म्हणून तिची परीक्षा घ्यायला त्याला सरळ रेघा हव्या होत्या, आणि सरळ रेघा म्हटल्यावर मी समोरच होते. त्याच्या खोलीची खिडकी माझ्याकडे उघडते, त्यामुळे मला सगळे दिसते. त्याने माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर चौपट मोठा केला आणि त्याची झोपच उडाली. डाव्या खालच्या कोपऱ्यात विटांची रेघ वाकत होती!

लेन्स दुरुस्तीला गेली, परत आली, रेघ वाकडीच. त्याने दुसरी लेन्स आणली, मग तिसरी. कोपरा जिथल्या तिथे. कंपनीचा अख्खा मालच खराब आहे, असे तो दुकानदाराला फोनवर ठासून सांगे. मोजमापात चूक नको म्हणून ट्रायपॉडच्या पायांसाठी त्याने जमिनीवर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके काढले होते. इंचभरही इकडेतिकडे नाही. एकदा जरी दोन पावले बाजूला सरकला असता, तरी फोटोतला वाक माझ्याबरोबर सरकला असता आणि दोष कोणाचा ते उमगले असते. स्क्रीनवर पट्टी लावून तो मला तासन्‌तास बघे. उठून अंगणात यावे, माझ्याकडे नीट बघावे, हे काही त्याला सुचले नाही. मला हसूही येई आणि त्याची कीवही येई.

आणि दर वेळी त्याचे एकच वाक्य असे. "बाबा, जरा सरका ना. फ्रेममध्ये येताय."

गवंडी गुडघ्यांवर हात टेकून उठे, खुर्ची उचले आणि सावलीत जाऊन बसे. त्याने कधी तक्रार केली नाही. राग यायचा तो मलाच.

तिकडे थोरल्या मुलीचा, म्हणजे ताईचा, तगादा चालूच होता. "बाबांचा एक धड फोटो काढून दे रे. फोटोग्राफराचं घर, आणि बाबांचा एक फोटो नाही!"

"देतो गं. आधी लेन्स तर मनासारखी मिळू दे."

अशी तीन वर्षे गेली. गवंडी वाळला, खांदे उतरले, छातीचे दुखणे निघाले. मोठे डॉक्टर ताईच्या शहरात होते, म्हणून त्याने तिच्याकडेच राहायला जायचे ठरले. परत येईल की नाही, याबद्दल घरात कोणी बोलत नव्हते.

जायच्या दिवशी सकाळी ताई गाडी घेऊन आली. आणि हा पठ्ठ्या चौथी लेन्स लावून ठिपक्यांवर उभा!

"बाबा, पाचच मिनिटं. जरा सरका."

गवंडी उठला. त्याने खुर्ची उचलली, पण दम लागला म्हणून परत खाली ठेवली. "काय एवढं बघतोस रे त्या भिंतीत?"

"कोपरा वाकडा येतो, बाबा. चार लेन्स झाल्या."

"वाकडाच आहे तो."

"म्हणजे?"

"अरे, हात लावून बघ. तुझ्या आईला दवाखान्यात नेलं होतं. मी तिथे नुसत्या येरझाऱ्या घालत होतो, म्हणून मला घरी पिटाळलं. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून हा थर लावायला घेतला. कोपऱ्यापर्यंत आलो आणि फाटकातून शेजारीण ओरडली, मुलगा झाला! मग कसली दोरी नि कसला ओळंबा! कशाबशा विटा ठेवल्या आणि पळालो. परत आलो तोवर माल वाळून गेला होता."

"मग काढून पुन्हा का नाही लावला?" ताईने विचारले.

"काढवला नाही," गवंडी म्हणाला.

फोटोग्राफर माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. त्याने त्या थरावर तळहात ठेवला. मग त्याने बापाला हाताला धरून खुर्चीत बसवले आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा काढून हातात घेतला.

"दाढी पण केली नाही रे," गवंडी संकोचून म्हणाला.

"असू द्या, बाबा."

पहिला फोटो हलला, कारण काढणाऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला, आणि काढतच राहिला. रस्त्यावर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. कोणी हलले नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कॅमेरा जपा, लेन्स पुसा, कोपरेही खुशाल तपासा. पण त्यासाठी कोणाला उन्हातून उठवू नका. मी भिंत आहे, मी उद्याही इथेच सापडेन.