वहिनीचं न हलणारं कपाळ

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. फुंकरबाबांनी माझ्या वहिनीला सगळ्यांसमोर उभं केलं नि फर्मावलं, "भुवया उचल, बाळ!"

वहिनीनं प्रयत्न केला. कपाळ ढिम्म हललं नाही. एक सुरकुती नाही!

"बघा! वेदनेची वाटच बांधून टाकलीये मी. ताकद फुंकरीत असते, गोळ्यांत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं तर हातच जोडले. फुंकरीनं चहा गार होतो हे मला माहीत होतं, कपाळ थिजतं हे आजच कळलं! पण वहिनीची अर्धशिशी खरंच कमी झाली होती. निम्मा महिना अंधाऱ्या खोलीत उलट्या काढणारी बाई आता कामावर जात होती.

तेवढ्यात वहिनीची धाकटी बहीण पुढे आली. तिलाही तोच आजार. कानशील दाबून धरलेलं, डोळे लाल.

"ताई, तुझं बघून मी डॉक्टरांचं औषध सोडलं गं. आता उभं राहवत नाही. बाबा, मारा ना फुंकर!"

वहिनीच्या कपाळावर आठी उमटली नाही, पण डोळे घळाघळा वाहू लागले.

"नको! मी खोटं वागले. मी दवाखान्यात बोटॉक्सची इंजेक्शनं घेतलीत. कपाळात, कानशिलांत, मानेत."

"ते विषाचं?" आई ओरडली. "मी नको म्हटलं होतं ना!"

"म्हणूनच चोरून घेतली, आई. गुण यायला दोनेक आठवडे लागतात. तेवढ्यात तुम्ही मला इथं आणलंत. बरं वाटलं, तुम्ही खूश झालात, घरातली कटकट थांबली. मी तोंड शिवून बसले. लाज वाटते मला माझी."

बाबा सावरले. "इंजेक्शन निमित्तमात्र, बाळ. खरी कृपा—"

"मग माझं कपाळ बांधा," म्हणत मी पुढे झालो नि भुवया नाचवल्या. बाबांनी गाल फुगवले. फुंकर आली, तोंडाचा वास आला, भुवया नाचतच राहिल्या. हॉलमध्ये हशा पिकला. वहिनी मात्र हसली नाही.

बहिणीला आम्ही तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूळ विषच आहे, पण अगदी मोजक्या मात्रेत औषध. स्नायू सैल पडतात, म्हणून कपाळ हलत नाही. वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही शांत होतात. साधारण तीन महिन्यांनी असर ओसरतो, पुन्हा घ्यावं लागतं. सगळ्यांनाच लागू पडतं असंही नाही."

म्हणजे असर ओसरला असता, तर बाबा म्हणाले असते, तुझीच श्रद्धा कमी पडली!

बाहेरच्या खोलीत बाकावर बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी हुंदके देत होती. "माझ्यामुळे झालं गं हे."

"ताई, रडू नको," बहीण कशीबशी म्हणाली. "आवाजानं डोकं ठणकतं."

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आईनं खाली मान घालून खिडकीचा पडदा ओढला.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की एवढंच विचारा, त्याआधी आणखी काय केलं होतं? आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथल्या तिथं बोला. तुमच्या गप्प बसण्यानं कुणीतरी औषध सोडतं.